पोहोच

१९९६ च्या जानेवारीत, हंगाम ऐन भरात असताना, साखर कारखान्याच्या टाइम ऑफिससमोरच्या बाकावर उभा राहून मी दीड-दोनशे कामगारांना पेन्शन म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं. पहिली पाळी सुटली होती, दुसरी आत जायची होती. केन यार्डात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर दाटून उभे. लेबर ऑफिसरनी मलाच पुढे केलं. म्हणाले, "तू त्यांच्यातलाच आहेस, तुझं ऐकतील." मी पस्तिशीतला टाइम ऑफिसचा क्लार्क. हजेरी, पगारपत्रक, पीएफ, सगळं माझ्याच टेबलावर.

मी सांगितलं की १९७१ ची जुनी कुटुंब पेन्शन गेली, १६ नोव्हेंबर १९९५ पासून नवी कर्मचारी पेन्शन योजना आली. मालक तुमच्या फंडात, म्हणजे पीएफमध्ये, जे भरतो त्यातले पगाराच्या ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जाणार. अठ्ठावन्न पूर्ण झाले की दरमहा रक्कम, आपल्यामागं बायकोला. गर्दीतून एका पॅनमननं, म्हणजे रस आटवून साखर काढणाऱ्या पॅनवरच्या कामगारानं, विचारलं, "पैसं सरकारकडंच ऱ्हाणार न्हवं? बुडायचं न्हाईत?"

मी म्हटलं, "सरकार हाय तवर बुडत न्हाई, आबा."

बुडालं नाहीच. एप्रिल २०१८ पासून दर महिन्याला माझ्या खात्यात ३,१८७ रुपये येतात. पहिल्या महिन्यात ३,१८७ आणि आजही ३,१८७. या पेन्शनला महागाईभत्ता नसतो हे पुष्कळांना माहीतच नाही. सरकारी नोकराची पेन्शन वर्षातून दोनदा सरकते, आमची गोठवून ठेवलेली. बायकोच्या बीपीच्या गोळ्यांना मात्र हे कुणी सांगितलेलं नाही.

हिशेब सोपा आहे, मी तो हजारांना करून दिलाय. पेन्शनला धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. सत्तरनंच का भागायचं हे उभ्या नोकरीत मला कुणी सांगितलं नाही. खरी मेख आहे ती 'पेन्शनला धरलेला पगार' या शब्दांत. तो तुमचा पगार नव्हेच. आधी ५,००० पर्यंतच धरायचे, जून २००१ पासून ६,५००, सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. निवृत्त होताना माझा मूळ पगार आणि महागाई मिळून २४ हजारांच्या आसपास होता. पण पेन्शनच्या वहीत मी शेवटची साडेतीन वर्षं पंधरा हजारांचा माणूस आणि त्याआधीची अठरा-एकोणीस वर्षं साडेसहा हजारांचा. दोन्ही तुकड्यांचा वेगळा हिशेब करून बेरीज.

किमान पेन्शन १ सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे. त्याच्या आदल्या वर्षी, २०१३ साली, भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या समितीनं किमान ३,००० द्या असं म्हटलं होतं. पुढे कोश्यारी आमच्याच राज्याचे राज्यपाल होऊन साडेतीन वर्षं मुंबईच्या राजभवनात राहिले, पण तो तीन हजारांचा आकडा काही दिल्लीहून निघाला नाही. बुलढाण्याला जिल्हाधिकारी कचेरीसमोर डिसेंबर २०१८ पासून आमच्यासारख्यांचं साखळी उपोषण सुरू झालं. किती वर्षं चालावं एखादं उपोषण? तिथं बसलेले किती जण दरम्यान गेले असतील कोण जाणे.

सरकारचं म्हणणं असं की फंडात तूट आहे, वाढ परवडत नाही. मी आकडेवाला माणूस आहे, हे साफ खोटं म्हणणार नाही. सरकारचा वाटा पगाराच्या १.१६ टक्के, तोही मर्यादेपर्यंतच. आणि ८.३३ टक्क्यांत आयुष्यभराची पेन्शन बसवणं अवघडच आहे. पण त्याच सरकारनं ऑगस्ट २०२४ मध्ये स्वतःच्या नोकरांसाठी नवी योजना जाहीर केली, तिच्यात दहा वर्षं नोकरी झालेल्याला किमान दहा हजार. तेव्हा तूट कुठं गेली होती? तूट तिजोरीत कमी आणि मनात जास्त असावी, असं मला वाटायला लागलंय.

तर आता वाढीव पेन्शनच्या अर्जाकडे येतो.

४ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या अध्यक्षतेखालचं तीन न्यायमूर्तींचं खंडपीठ होतं. १ सप्टेंबर २०१४ ला जे नोकरीत होते आणि ज्यांचा फंड पूर्ण पगारावर भरला जात होता, त्यांना पूर्ण पगारावर पेन्शन घ्यायची आणखी एक संधी, मुदत चार महिने. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पेन्शन साडेआठ हजारांच्या पुढं जात होती. मागच्या वर्षांचा फरक व्याजासह आधी भरावा लागणार होता, काही लाखांत. पण थकबाकीही तितक्याच आसपास मिळाली असती. बायकोला म्हटलं, "सोन्याचं कायतरी मोडावं लागंल." ती म्हणाली, "आधी मिळतंय का ते बघा, मग माझ्या गळ्याकडं बघा."

त्या पॅनमन आबांचं मात्र बसत नव्हतं. ते जुलै २०१४ ला निवृत्त झाले, म्हणजे दोन महिन्यांनी हुकले. निकालाआधीच ते वारलेही होते. त्यांच्या बायकोला हजार रुपये येतात. त्यांच्या सुनेला 'लाडकी बहीण'चे पंधराशे मिळतात. म्हातारी मला म्हणाली, "सूनबाई माझ्यापेक्षा जास्त कमावती, ती पण कारखान्यात न जाता." हसून म्हणाली. मला हसायला जमलं नाही.

ऑनलाइन अर्ज सुरू व्हायलाच फेब्रुवारी २०२३ चा शेवट उजाडला. चार महिन्यांतले उरले किती दिवस? मग मुदत ३ मेपर्यंत, मग २६ जूनपर्यंत. सेतूवाल्या पोराकडे मी अकरा चकरा मारल्या. कधी साइट बंद, कधी ओटीपी जुन्या मोबाइल नंबरवर जायचा, कधी आधारवर वडिलांच्या नावापुढं 'राव' आहे आणि फंडाच्या खात्यात नाही. एका 'राव'साठी दोन आठवडे गेले. शेवटी २२ जूनला अर्ज गेला, पोहोच निघाली. चारच दिवसांनी मुदत परत वाढली, ११ जुलैपर्यंत. धावत-पळत एसटी गाठावी आणि ती अर्धा तास फलाटावरच उभी राहावी, तसं झालं.

त्या अर्जात एक प्रश्न होता. योजनेच्या परिच्छेद ११(३) खाली पूर्वी पर्याय दिला होता का? मी तो तीनदा वाचला. मग पोराकडूनच ती दुरुस्ती शोधून घेतली. १६ मार्च १९९६ पासून तशी सोय होती. कामगार आणि मालक दोघांनी मिळून लिहून दिलं तर पूर्ण पगारावर पेन्शन. म्हणजे मी बाकावर उभा राहून भाषण दिलं, त्याच्या दोन महिन्यांनी. आणि पुढची सगळी वर्षं पीएफच्या टेबलावर बसून मला ते माहीत नव्हतं.

की माहीत होतं? हा विचार त्या रात्रीपासून जो चिकटला तो सुटला नाही. फंडाच्या ऑफिसातून परिपत्रकं यायची, सायक्लोस्टाइल केलेली, फिकट, इंग्रजीत. मी आवक नंबर टाकायचो, लेबर ऑफिसरसमोर ठेवायचो, त्यांची सही झाली की फाईलला लावायचो. हंगामात दिवसाला वीस-वीस कागद. त्यात हे आलं असेल तर?

ऑनलाइन अर्ज ही निम्मीच वाट होती. पुढं तो मालकाच्या खात्यावर जाणार, मालकानं नोव्हेंबर १९९५ पासून निवृत्तीपर्यंतचा महिन्यावार पगार भरायचा आणि डिजिटल सही करून मंजूर करायचा. आमचा मालक कोण? कारखाना २०१८-१९ च्या हंगामानंतर पेटलाच नव्हता. कर्जापोटी बँकेनं ताबा घेतलेला, सहकार खात्यानं अवसायक, म्हणजे बंद संस्थेचा कारभार गुंडाळणारा अधिकारी, नेमलेला. डिजिटल सही होती जुन्या कार्यकारी संचालकांच्या नावावर, आणि ते मुलाकडं पुण्याला.

अवसायक भला माणूस होता, पण त्याच्याकडं असल्या आणखी तीन संस्था होत्या. म्हणाला, "काका, माझ्या सहीची नोंद फंडाच्या ऑफिसात नाही. ती झाल्याशिवाय मी लॉगिन करू शकत नाही." फंडाच्या ऑफिसात गेलो तर म्हणाले, अवसायकांनी नेमणुकीच्या आदेशासह आधी अर्ज करावा. त्यांनी केला. उत्तर आलं की अर्ज ऑनलाइन करावा. ऑनलाइन करायला लॉगिन हवं. असं हे घाण्याच्या बैलासारखं पाच महिने चाललं. मालकांसाठीची मुदत तेवढी सरकत होती. ३० सप्टेंबर, मग ३१ डिसेंबर, मग मे २०२४, शेवटी ३१ जानेवारी २०२५. प्रत्येक मुदतवाढीची बातमी पेपरात 'पेन्शनधारकांना दिलासा' अशीच यायची.

दरम्यान आम्ही एक्केचाळीस जण झालो होतो. फिटर, बॉयलर अटेंडंट, ऊसतोडीच्या चिठ्ठ्या सांभाळणारे चिटबॉय, दोन ड्रायव्हर, एक मुकादम. सगळ्यांनी माझ्याकडंच कागद आणून दिले. "तात्या, तुमाला ठावं हाय सगळं." मीही नाही म्हणालो नाही. बाकावरचं भाषण मीच दिलेलं होतं.

अवसायकाच्या परवानगीनं टाइम ऑफिस उघडलं ते २०२४ च्या मार्चमध्ये. दाराला वाळवी, पंख्याला घरटं. मागच्या खोलीत रॅकवर फॉर्म ३अ चे गठ्ठे, वर्षावार, माझ्याच पद्धतीनं लाल फडक्यात बांधलेले. खालच्या दोन फळ्या वाळवीनं खाल्ल्या होत्या, वरच्या शाबूत. एक गठ्ठा सोडला. दर कामगाराचा एक कागद. पहिली ओळ नेहमीची, 'मार्च, एप्रिलमध्ये भरलेला'. मग रकाने: पगार, कामगाराचा हिस्सा, मालकाचा हिस्सा, पेन्शन. जांभळा कार्बन, त्यावर माझं अक्षर, सातचा आकडा मी मधे आडवी रेघ मारून काढायचो. बेरजेखाली पेन्सिलची टिंबं. कागदाच्या कोपऱ्यात फंडाच्या ऑफिसचा गोल शिक्का, तारीख, आवक कारकुनाची घसटलेली सही. पोहोच.

म्हणजे एक प्रत दरवर्षी त्यांच्याकडं गेलेली होती. मी ते गठ्ठे एसटीत मांडीवर घेऊन त्यांच्या ऑफिसात गेलो. "साहेब, तुम्ही मागताय ते सगळं तुमच्याकडंच आहे. हा तुमचाच शिक्का." साहेबांनी शिक्का बघितला, नाकारला नाही. म्हणाले, "जुनं रेकॉर्ड आमच्याकडं संगणकावर नाही. मालकाकडून एक्सेलमध्ये यायला पाहिजे." त्यांचंही खोटं नसावं. टेबलावर फायलींची भिंत होती, आणि देशभरातून असे साडेसतरा लाखांच्या घरात अर्ज आलेले.

त्या मे-जूनमध्ये मी एक्केचाळीस माणसांचे बावीस-बावीस वर्षांचे पगार एक्सेलमध्ये भरले. सेतूवाल्या पोरानं जुना लॅपटॉप दिला. चौसष्टाव्या वर्षी मी तेच काम फुकट करत होतो ज्याचा मला पूर्वी पगार मिळायचा. बायको म्हणायची, "कारखाना बंद पडला, पण तुमची पाळी सुटली न्हाई."

भरता भरता एके दुपारी २००१-०२ चा गठ्ठा उघडला आणि हात थांबला. जूनपर्यंत पगाराच्या रकान्यात पूर्ण पगार होता. जुलैपासून सगळ्यांच्या नावापुढं एकच आकडा, ६,५००. पानामागून पान, ६,५००, ६,५००. मर्यादा वाढली होती, कारखाना तंगीत होता, आणि संचालक मंडळानं ठराव केला होता की फंड मर्यादेपुरताच भरावा. आता आठवलं. ठराव माझ्याकडं आला होता. मी शेऱ्याच्या रकान्यात 'मर्यादेपर्यंत' असा रबरी शिक्काच करून घेतला होता, दरवेळी लिहायचा कंटाळा नको म्हणून. २००६ मध्ये परत पूर्ण पगारावर भरणा सुरू झाला. मधली पाच वर्षं तशीच.

त्या दिवशी मी पुढं काही भरलं नाही. चिमणीच्या सावलीत जाऊन बसलो.

आवक नोंदवहीही सापडली, १९९६-९७ ची. मे महिन्यात एक नोंद आहे: 'भविष्य निर्वाह निधी कार्यालय, परिपत्रक, पेन्शनबाबत.' पुढं माझी आद्याक्षरं आणि 'फाईल'. कुठलं परिपत्रक ते लिहिलेलं नाही. फाईल वाळवीनं खाल्लेल्या फळीत होती. ते हेच असेल असं नाही. नसेल असंही नाही.

एक्केचाळीस जणांना मी ही पाच वर्षांची गोष्ट सांगितली. कुणी चिडलं नाही, हेच जास्त लागलं. बॉयलरवाला म्हणाला, "तुमी काय करणार? ठराव वर झाला, शिक्का तुमच्याकडं आला." अर्ज मागं घ्यायचा नाही असं ठरलं. अवसायकांची सही डिसेंबर २०२४ मध्ये एकदाची नोंदवली गेली. तीन रात्री बसून त्यांनी सगळे अर्ज मंजूर करून वर पाठवले. एक्केचाळीस पोहोची निघाल्या. मी त्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावल्या, नंबरवारीनं.

१ फेब्रुवारी २०२५ ला अर्थसंकल्प होता. बारा लाखांपर्यंत कर नाही हे ऐकून समोरच्या घरातली इंजिनिअर पोरं खूश झाली, आणि त्यांनी व्हायलाच हवं. माझा नातू म्हणाला, "आजोबा, तुमचा कर माफ झाला." त्याला सांगितलं, माझं उत्पन्न बारा लाख व्हायला तीस वर्षं लागतील, आणि तोवर आकडा ३,१८७ च असेल. त्यानं मोबाइलवर गुणाकार करून बघितला. एकतीस लागतील म्हणाला.

आणखी एक सांगायचं राहिलं. रेल्वेत पुरुषांना साठीनंतर चाळीस टक्के सवलत होती. २० मार्च २०२० पासून करोनाचं कारण देऊन ती थांबवली. माझी साठी भरली त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. करोना गेला, सवलत परत आली नाही. बायको म्हणते मी जन्मायलाच उशीर केला. आबा दोन महिने लवकर निवृत्त झाले, मी आठवडाभर उशिरा म्हातारा झालो.

चांगलं काही झालंच नाही असंही नाही. जानेवारी २०२५ पासून पेन्शन कुठल्याही बँकेत घेता येते. हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो. पूर्वी बोटांचे ठसे उमटायचे नाहीत, शाई आणि कार्बन हाताळून रेषाच पुसलेल्या. आता फोन म्हणतो डोळे मिचकवा. मी मिचकावतो, तो म्हणतो तुम्ही जिवंत आहात. पैसे पोचवायची यंत्रणा उत्तम झाली आहे. पैसे तेवढेच आहेत.

पत्रं आली ती जुलै २०२५ मध्ये, एकामागोमाग एक, तीन दिवसांत. मजकूर एकच: संपूर्ण कालावधीत प्रत्यक्ष वेतनावर अंशदान भरलेले आढळत नाही, सबब अर्ज अमान्य. सोबत वर्षांची यादी, २००१-०२ ते २००५-०६. मी तक्रार पोर्टलवर लिहिलं की ठराव मालकाचा होता, कामगाराला कुणी विचारलंही नव्हतं, आणि ती पाच वर्षं सोडून बाकीची तरी धरा. सोळा दिवसांनी मेसेज आला, तक्रार निकाली. उत्तरात पहिल्या पत्राचीच प्रत जोडलेली होती.

दिवाळीआधी बँकेनं कारखान्यातलं भंगार विकायला काढलं. मशिनरी आधीच गेली होती, आता कपाटं, टेबलं, कागद. अवसायकांनी फोन केला, "काका, ते तुमचे गठ्ठे रद्दीत चाललेत, हवे तर घेऊन जा." मी आणि सेतूवाला पोरगा रिक्षाटेम्पो घेऊन गेलो. तो बाकही तिथंच होता, एक पाय मोडका. तो नाही आणला. गठ्ठे आणले, सगळे नाही, जेवढे शाबूत होते तेवढे. बायको म्हणाली कुठं ठेवणार? दिवाणाखाली ठेवले, कडुनिंबाचा पाला घालून.

परवा सकाळी दारात एक तरुण उभा. वडील चिटबॉय होते, हंगामी, म्हणाला. गेल्या महिन्यात वारले. आईची पेन्शन करायला गेलो तर फंडाच्या ऑफिसात सांगितलं, १९९८ ते २००० ची नोकरी खात्यात दिसत नाही, मालकाकडून दाखला आणा.

मी त्याला बसवलं, चहा सांगितला. आणि गुडघे टेकून दिवाणाखाली हात घातला. नव्व्याण्णवचा गठ्ठा डाव्या बाजूला आहे.